ऑपरेशनची तारीख मिळाली, आता सिगारेटचं काय?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ऑफिसात आवाज बंद ठेवून गुपचूप वाचणाऱ्यांनाही. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘अं’ लिहिताना काढून टाकलेत. बाकी मजकूर बोललो तसाच आहे.

आज एका खोट्यापासून सुरुवात करतो. माझ्याच.

गुडघ्याचं ऑपरेशन होतं. टर्फवर फुटबॉल खेळताना पाय वळला, ‘टक्’ असा आवाज आला आणि एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं दिसलं. सर्जन म्हणाले, घाई नाही, आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण वाकायला आणि सरळ व्हायला लागू दे, पाच आठवड्यांनी करू. त्या पाच आठवड्यांत फिजिओथेरपी, रक्ताच्या तपासण्या आणि भूलतज्ज्ञांकडून फिटनेस. तर त्या फिटनेसच्या खोलीत मी खुर्चीवर, शेजारी आई, तिच्या मांडीवर फाइल. समोर भूलतज्ज्ञ मॅडम. दमा आहे का? नाही. कसली अ‍ॅलर्जी? नाही. आधी कधी ऑपरेशन? नाही. सिगारेट, तंबाखू, दारू?

मी म्हणालो, “नाही.”

शर्टाच्या खिशात च्युइंगम होतं आणि पॅन्टच्या खिशात लायटर. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून सहा वर्षं, दिवसाला आठ. त्या दिवशी सकाळचीही झाली होती. आईला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

हा भाग करायचं कारण हेच. ऑपरेशनआधी सिगारेट सोडावी हे सगळ्यांना अंधुक माहीत असतं. पण ‘का’ ते कुणी नीट सांगत नाही. त्यामुळे ते ‘आरोग्यास हानिकारक’सारखं कानावरून जातं. आणि आपल्या वयात पहिल्यांदा ऑपरेशन होतं तेव्हा सोबत बहुतेक वेळा आईबाबा असतात. म्हणजे नेमकं खरं बोलायच्या खोलीत आपण खोटं बोलतो.

आता, शरीरात काय चाललेलं असतं ते बघू. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींची घड्याळं वेगळी आहेत.

पहिली, रक्तातला ऑक्सिजन. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी समजा. या गाडीला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइड दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एकदा सीट पकडली की उठत नाही. रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा सीटा अशा कायम अडलेल्या असतात. बरं, तुम्ही म्हणाल, माझं ऑक्सिमीटरवर ९८ येतं! कोविडपासून घरोघरी ते बोटाला लावायचं यंत्र आलंय ना, त्याला यातला फरकच कळत नाही. सीटवर ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, ते दोन्ही ‘भरलेली सीट’ म्हणूनच मोजतं. म्हणजे आकडा चांगला आणि गाडीत माल कमी.

यातली चांगली बातमी म्हणजे हे घड्याळ सगळ्यात वेगाने धावतं. साध्या हवेत श्वास घेतला तरी चार ते सहा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा होतो. एक दिवस गेला की जवळपास संपतो. निकोटिन तर त्याहून लवकर, दोनेक तासांत निम्मं. निकोटिन हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून ऑपरेशन उद्या असेल तरी आजची सिगारेट न ओढण्याला अर्थ आहे. ‘आता एका दिवसाने काय होणार’ याचं उत्तर असं आहे की हृदयाला ऑक्सिजन जास्त मिळणार आणि काम कमी पडणार. ऑपरेशनच्या दिवशी याहून जास्त काय मागायचं?

दुसरी, जखम. माझ्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची होती आणि मला ती अजिबात माहीत नव्हती. मी धरून चाललो होतो की सिगारेट म्हणजे फुफ्फुस आणि ऑपरेशन तर गुडघ्याचं; मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणार, फुफ्फुसाशी संबंध काय? पण टाके घातले म्हणजे जखम भरली असं नसतं. टाके फक्त कडा धरून ठेवतात. आतलं विणकाम शरीर करतं, कोलॅजन नावाच्या धाग्याने, आणि तो धागा पक्का व्हायला ऑक्सिजन लागतो. जखमेत शिरलेल्या जंतूंना मारायला पांढऱ्या पेशींनाही ऑक्सिजनच लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी निकोटिन तिथे जाणारे बारीक रस्ते आवळून टाकतं. म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या जखमा चिघळण्याचं, टाके उसवण्याचं, हाड उशिरा जुळण्याचं प्रमाण जास्त असतं. हर्नियापासून मणक्याच्या ऑपरेशनपर्यंत हेच. हे घड्याळ मात्र आठवड्यांचं आहे. जखम भरण्याची ताकद पूर्वपदावर यायला तीन-चार आठवडे लागतात.

तिसरी, श्वासनलिका. आत बारीक केसांसारखे झाडू असतात. ते कफ, धूळ सतत वर ढकलत असतात. धूर त्यांना लुळं करतो. पूर्ण भूल देताना घशात नळी घालतात. सतत धुराने चिडलेली श्वासनलिका अशा वेळी एकदम आवळली जाऊ शकते. भूलतज्ज्ञांची हीच मोठी धास्ती. आणि नंतर कफ साठतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. पोटावर टाके असताना खोकला आला की काय होतं ते अपेंडिक्स झालेल्या कुणालाही विचारा. मणक्यात इंजेक्शन असलं तरी सुटका नाही. काही कारणाने ते पुरलं नाही तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते. झाडू पुन्हा कामाला लागायला काही आठवडे जातात, फुफ्फुसांना पूर्ण फायदा दिसायला महिना-दोन महिने.

आता माझी चूक नंबर दोन. खोटं तर तीन आठवडे आधी बोललो. त्याच्या आधीचे दोन आठवडे मी दुसऱ्याच कारणाने घालवले. टपरीवर एकजण म्हणाला, “आता सोडू नकोस हां. सोडायची तर दोन महिने आधी सोडायला हवी होती. आत्ता सोडलीस तर उलटा कफ वाढतो, भुलेत त्रास होतो.” मला काय, हवंच होतं. इतकं सोयीचं वैद्यकीय ज्ञान रोज मिळत नाही.

गंमत म्हणजे ही अफवा हवेतून आलेली नाही, तिला मूळ आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हृदयाची बायपास झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांनी आठ आठवड्यांहून आधी सिगारेट सोडली होती त्यांना फुफ्फुसाचे त्रास बरेच कमी झाले. इथवर ठीक. पण अलीकडेच सोडलेल्यांचा आकडा हा ओढत राहिलेल्यांपेक्षाही थोडा जास्त दिसला. त्या गटात माणसं मोजकी होती आणि हा फरक योगायोगाचाही असू शकत होता, संख्याशास्त्राच्या भाषेत सिद्ध होण्याजोगा नव्हता. पण लोकांनी अर्थ काढला की उशिरा सोडणं घातक. काही डॉक्टरसुद्धा बरीच वर्षं तसं सांगत राहिले. २०११ साली असे नऊ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा ऑपरेशनच्या जरा आधी सोडल्याने धोका वाढतो असं काही दिसलं नाही. फायदा कमी-जास्त असेल, तोटा नाही. म्हणजे जितक्या लवकर तितकं बरं, पण ‘आता उशीर झाला’ अशी तारीखच नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र जबरदस्त आहे. माझा आवडता अभ्यास डेन्मार्कचा, २००२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला. खुबा किंवा गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलेले १२० धूम्रपान करणारे लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखीच वागणूक. दुसऱ्या गटाला सहा ते आठ आठवडे आधीपासून दर आठवड्याला नर्सशी भेट आणि निकोटिनचे पॅच वगैरे. बस, एवढंच. कसलं महागडं यंत्र नाही की नवं औषध नाही. निकाल असा : नेहमीच्या गटात ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झालेले ५२ टक्के, मदत मिळालेल्या गटात १८. नुसत्या जखमेच्या तक्रारी घेतल्या तर ३१ टक्के विरुद्ध ५. आणि यातली मला टोचलेली गोष्ट म्हणजे फायदा झाला तो सोडणाऱ्यांना. ज्यांनी फक्त संख्या कमी केली त्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. मी त्या वेळी अभिमानाने आठावरून पाचावर आलो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२० मध्ये हाच विषय घेतला होता : चार आठवडे किंवा त्याहून आधी सोडणाऱ्यांना गुंतागुंतीचा धोका कमी, आणि चार आठवड्यांपुढच्या प्रत्येक तंबाखूमुक्त आठवड्यागणिक निकाल १९ टक्क्यांनी सुधारतो. तातडीचं ऑपरेशन असेल तर अर्थातच कुणी चार आठवडे थांबत नाही, थांबूही नये. पण लिगामेंट, हर्निया, नाकाचं वाकडं हाड, पित्ताशयातले खडे अशी ठरवून होणारी ऑपरेशनं असतात, तिथे तारीख आणि आज यांच्यामध्ये जी जागा मिळते ती फुकटात मिळालेलं औषध आहे. मी त्यातले दोन आठवडे टपरीवर सांडले.

तर खोटं बोलल्यावर दोन रात्री झोप धड लागली नाही. फार थोर विचार नव्हते मनात. साधी भीती होती. नेटवर श्वासनलिका आवळण्याबद्दल वाचलं होतं आणि वाटत होतं, यांना माहीतच नसेल तर ते तयारी कशी ठेवतील? तिसऱ्या दिवशी रक्ताचा एक रिपोर्ट द्यायचा राहिला होता. आईला म्हटलं, मी एकटाच जातो, रिक्षाने. कुबडी टेकत पुन्हा त्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “मॅडम, परवा एक चुकीचं सांगितलं.”

त्यांनी वर न बघताच पेन उघडलं. “किती?”

“आठ. आता पाच.”

“किती वर्षं?”

“सहा.”

“शेवटची?”

“आत्ता. गेटबाहेर.”

मला वाटलं, आता लेक्चर. त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. आई बसली होती ना, मला अंदाज होताच. पण मी अंदाजाने भूल देत नाही.” मग त्यांनी स्टेथोस्कोप परत लावला, दीर्घ श्वास घ्यायला लावले, सकाळी कफ पडतो का, जिना चढताना धाप लागते का, असं दहा मिनिटं विचारलं. त्यांना हे का लागतं तेही सांगितलं. कुठली भूल द्यायची, आधी वाफ किंवा इन्हेलर द्यायचा का, नंतर ऑक्सिजन किती वेळ ठेवायचा, वेदना कमी करायचं औषध किती लागेल, हे सगळं यावर ठरतं. लपवलं तर त्या तयारीतलं काहीतरी सुटतं. म्हणजे तुम्ही आईपासून लपवत असता आणि त्याची किंमत टेबलावर पडलेले तुम्हीच देता.

आईसमोर बोलता येत नसेल तर एक सोपा उपाय त्यांनीच सांगितला : “दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय” एवढं म्हणायचं. तुम्ही अठरा वर्षांवरचे असाल तर डॉक्टर नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगू शकतात. त्यांना यात नवल वाटत नाही.

उरले होते १९ दिवस.

सोडण्याबद्दल मी ज्ञान देणार नाही, फक्त मला काय उपयोगी पडलं ते सांगतो. डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला. तो आपल्या नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळायचा नाही, मला पहिल्या दिवशी उचक्या लागल्या. सावकाश चावायचा, तोंडात झिणझिणलं की गालाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचा. चव गेली की परत चावायचा. चहा-कॉफी पिताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. हो, गममध्येही निकोटिन असतं, पण धूर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो, म्हणून सिगारेटपेक्षा तो कितीतरी बरा. काही ऑपरेशनांत, विशेषतः प्लास्टिक सर्जरीत किंवा मणक्याचं हाड जोडताना, सर्जनना निकोटिनसुद्धा नको असतं. म्हणून विचारूनच घ्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गम चालेल का, हेही विचारूनच.

चहाचं एक कळलं. धुरातल्या काही घटकांमुळे शरीर कॅफिन लवकर जाळतं. सिगारेट बंद केली की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. मी तिसऱ्या दिवशी थरथरत होतो, चिडत होतो, आणि समजत होतो की हे सगळं सिगारेटमुळे. कटिंग सहावरून तीनवर आणले, अर्धी थरथर गेली. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. तलफ येते ती मात्र फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांची असते. मी त्या मिनिटांत फिजिओने दिलेले व्यायाम करायचो. मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. त्यामुळे माझी मांडी ऑपरेशनआधी भलतीच तयार झाली होती.

सहाव्या दिवशी दोन झुरके मारले. जिन्यात, मित्राच्या हातातली घेऊन. फेकून दिली, मॅडमना मेसेज करायचं धाडस झालं नाही, पण ऑपरेशनच्या दिवशी विचारल्यावर सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

एकट्याने जमत नसेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे, समुपदेशन मिळतं. तुम्ही तो हजार वेळा बघितलाय. पाकिटावर छापलेला असतो.

तुमचे प्रश्न घेतो. मागच्या आठवड्यात विषय सांगितला तर इनबॉक्स भरला.

“मी वेप करतो, धूर नाही, मग चालेल ना?” निकोटिन आहे ना, मग रक्तवाहिन्या आवळणारच. आणि २०१९ पासून ई-सिगारेट विकायला आपल्याकडे बंदीच आहे, म्हणजे तुमच्या वेपमध्ये नक्की काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही. भूलतज्ज्ञांना सांगा. हुक्क्याचंही सांगा. त्यात कोळसा जळतो, कार्बन मोनॉक्साइड भरपूर.

“मी ओढत नाही, फक्त मळतो.” हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण महाराष्ट्राचं खरं चित्र हे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे होते आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे किंवा लावणारे. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मिश्री, सगळ्यांत निकोटिन आहे, जखमेचा हिशोब त्यांनाही लागू. आणि भुलेच्या दृष्टीने गुटख्याचं एक वेगळंच संकट आहे. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडणं कमी होतं. आत्ता करून बघा : तीन बोटं, एकावर एक उभी, दातांच्या मधे जातात का? जात नसतील तर घशात नळी घालणं अवघड. कधी कधी माणूस जागा असतानाच नाकातून दुर्बिणीने नळी घालावी लागते. हे आधी माहीत असलं तर तयारी होते. टेबलावर कळलं तर धावपळ होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ते टपरीवर कुणाला माहीत असल्यासारखं दिसत नाही.

“ऑपरेशन झाल्यावर कधी सुरू करू?” असा एक प्रश्न आलाय, आणि विचारणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला सलाम. जखम टाके काढल्यावरही आत आठवडेच्या आठवडे भरत असते. माझं लिगामेंट तर हाडात रुजायला महिने घेणार होतं. त्यामुळे आधीचे चार आठवडे जितके मोलाचे तितकेच नंतरचे. आणि एक सांगू? कुबड्या घेऊन टपरीपर्यंत जाता येत नाही. एवढी चांगली संधी परत मिळत नाही.

माझं ऑपरेशन नीट झालं. मणक्यातलं इंजेक्शन पुरलं, जखम कोरडी राहिली. १९ दिवसांमुळेच का, ते एका माणसावरून सांगता येत नाही, मी तसा दावाही करत नाही.

दोन दिवसांनी घरी सोडलं. मॅडमनी आईला एक शब्द सांगितला नव्हता. पण डिस्चार्ज कार्डवर सगळं छापलेलं असतं आणि आमची आई किराण्याचं बिलसुद्धा दोनदा वाचते. रिक्षात तिने कार्ड उघडलं. ‘धूम्रपान : सहा वर्षे, दिवसाला आठ’ या ओळीवर तिचं बोट थांबलेलं मला दिसलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“बंद आहे ना?” तिने विचारलं.

“एकवीस दिवस झाले. मधे दोन झुरके.”

तिने कार्ड घडी करून फाइलमध्ये ठेवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “दादा, पुढे मेडिकलवर थांबा जरा. याचा तो गम संपलाय.”